आडवी खुर्ची आणि मी

बारा माणसं ऐसपैस बसतील एवढा लांबट गोल, सागवानी आणि आता बराच जुना झालेला टेबल म्हणजे मी. काष्टीजवळच्या एका कॉलेजात, खोली नंबर नऊमध्ये माझा मुक्काम आहे. दारावर 'राज्यशास्त्र विभाग' अशी पाटी आहे. ती एकाच खिळ्यावर लोंबकळते.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, टेबलाला कसलं आलंय आत्मवृत्त! पण मला सांगा, युद्ध करायचं की तह करायचा, कुणाशी दोस्ती करायची, कुणाला धान्य द्यायचं, कुणाचं जहाज अडवायचं, हे जगातले मोठमोठे निर्णय कशाभोवती बसून होतात? माझ्या जातभाईंभोवतीच ना! आम्ही सगळं ऐकतो आणि बोलत नाही, म्हणून आमचं नाव कुठे छापून येत नाही. आज मात्र मी बोलणार आहे. मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत, आणि ते पोटात ठेवून वाळवीच्या हवाली व्हायची माझी तयारी नाही.

झाडपणीचं मला काही आठवत नाही. आठवतं ते मच्छिंद्र सुताराचं अंगण. एका साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी त्याने मला घडवलं. चेअरमननी निरोप धाडला होता, "कोपरे ठेवू नको, मच्छिंद्रा. कोपऱ्यात बसणाऱ्याला वाटतं, मला कडेला टाकलं." म्हणून मी गोल झालो. मच्छिंद्राने मला इतकं घासलं, इतकं घासलं, की त्याच्या बायकोला माझ्यात तिचं कुंकू दिसलं. ती म्हणाली, "आवं, ह्यो तर आरसाच झाला की!" माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. अजून विसरलेलो नाही.

कारखान्यात माझा थाट होता. वर हिरवं बनातीचं कापड, त्यावर काच, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. पण तिथली एक रीत मला फार उशिरा कळली. बैठक सुरू व्हायच्या आधीच ठराव लिहिलेला असायचा. सकाळी कुणाच्या तरी ओट्यावर चहा व्हायचा, तिथे सगळं ठरायचं, आणि दुपारी माझ्याभोवती बसून सगळे जण फक्त माझ्यावर हात आपटायचे. "मंजूर, मंजूर!" अकरा हात आपटले, की माझं अंग दणाणायचं.

बारावा हात कानिफनाथ आबांचा. आबा चांगला जाणता शेतकरी. कार्यक्षेत्राबाहेरचा ऊस घ्यायचा नाही, असा एकदा ठराव झाला, तेव्हा त्यांना ते पटलेलं नव्हतं. मला कसं कळलं? त्यांच्या हाताला घाम सुटला होता. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग त्यांनीही हलकेच हात आपटला. त्या वर्षी आपला ऊस कमी पडला, बाहेरचा दुसरीकडे गेला, आणि गाळप महिनाभर आधीच थांबलं. आबा एकटेच माझ्याजवळ बसून म्हणाले, "मला ठावं हुतं रं. पर बोललो न्हाई." टेबलाशी बोलण्याची वेळ माणसावर येऊ नये, मित्रांनो.

पुढे कारखान्याने नवीन सभागृह बांधलं. तिथे काचेचा टेबल आला आणि मी गोदामात गेलो. माझ्यावर खताच्या गोण्या रचल्या. एका कोंबडीने माझ्या पोटाखाली तीनदा पिल्लं काढली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, उलट सोबत होती. पण एका पायाला वाळवी लागली ती तिथेच.

तिथून मला सोडवलं प्रभुदास सरांनी. सर या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. उंच, किडकिडीत, खिशाला दोन पेनं आणि आवाज असा, की शेजारच्या खोलीतला अर्थशास्त्राचा तास आपोआप बंद पडावा. सर गोदामात आले, त्यांनी माझ्यावरची धूळ बाहीने पुसली आणि म्हणाले, "हाच. मला हाच पाहिजे." टेम्पोत घालून मला काष्टीला आणलं. वाळवी लागलेला पाय त्यांनी स्वतः कापला आणि त्याच्याखाली हर्षल नावाच्या विद्यार्थ्याने ओढ्यातला चपटा दगड सारला. तेव्हापासून मी साडेतीन पायांवर उभा आहे. त्या दोघांचे उपकार मी कसे फेडू?

आता थोडा अभ्यास. घाबरू नका, परीक्षा नाही.

सरांचा विषय होता परराष्ट्र धोरण. एक देश दुसऱ्या देशाशी कसं वागायचं ते ठरवतो, ते कसं ठरवतो, हे शोधून काढायचं. सर पहिल्याच तासाला वर्तमानपत्र माझ्यावर आपटायचे. "हे वाचा. 'अमुक देशाने नाराजी व्यक्त केली.' देश म्हणजे कोण? देशाला काय तोंड आहे? बातमीत देश बोलतो, पण खोलीत माणसं बोलत असतात. ती खोली शोधा!"

मग ते सांगायचे, की अभ्यासक लोक एकाच निर्णयाकडे वेगवेगळे चष्मे लावून बघतात. पहिला चष्मा लावला, की देश काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला आलेल्या चतुर शेतकऱ्यासारखा दिसतो. दात बघतो, चालवून बघतो, नफातोटा तोलतो आणि मग बोली लावतो. दुसऱ्या चष्म्यातून दिसतात कचेऱ्या. कचेरीला जे करायची सवय, तेच ती करते. रस्ता खचलाय हे माहीत असूनही नेहमीच्याच रस्त्याने गाडी घालणारा ड्रायव्हर तुम्ही पाहिला असेल, तसंच. तिसऱ्यातून दिसते ओढाताण. सर म्हणायचे, "भावकीत लग्नाचा बेत ठरतो तसा. कुणाला जिलेबी पाहिजे, कुणाला बुंदी. शेवटी पानात जे पडतं, ते कुणालाच नको होतं!" पोरं हसायची. आणि चौथा चष्मा लावून थेट पुढाऱ्याच्या डोक्यात बघायचं. त्याला काय आठवतंय, कशाची भीती वाटतेय, रात्री झोप झालीय का.

दर गुरुवारी माझ्याभोवती मंत्रिमंडळ बसायचं. कुणी पंतप्रधान, कुणी संरक्षण, कुणी अर्थ, कुणी परदेशातला राजदूत. सर एक पेच टाकायचे आणि तासाभरात निर्णय घ्यायला लावायचे. पहिल्या गुरुवारी काय झालं असेल? चार मिनिटांत सर्वानुमते निर्णय झाला आणि मंत्रिमंडळ चहाला पळालं! सर कपाळाला हात लावून बसले. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी एक जास्तीची खुर्ची आणून माझ्याजवळ ठेवली. तिच्यावर बसेल त्याचं काम एकच, निर्णय कितीही गोड असला तरी त्यातली खोट काढायची. पोरांनी तिचं नाव ठेवलं आडवी खुर्ची. तिच्यावर पाळीपाळीने बसायचं असा नियम होता, पण बसायला कुणी राजी नसायचं. मित्राला सगळ्यांसमोर 'तुझं चुकतंय' म्हणायचं म्हणजे केवढं संकट!

एकच मुलगी तिथे आनंदाने बसायची. मोनिका. तिची आई मालनबाई काष्टीच्या बाजारात कांदा घेऊन बसते. मोनिका दिसायला गरीब गाय, पण आडव्या खुर्चीवर बसली की सरांचीसुद्धा गय करायची नाही. आणि तिची जिवाभावाची मैत्रीण अश्विनी. एकाच गावच्या, एकाच जीपने येणाऱ्या, एकाच डब्यात जेवणाऱ्या. अश्विनी म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. तिच्या वह्या माझ्यावर उघड्या पडायच्या, तेव्हा मला वाटायचं, माझ्यावर कुणीतरी दिवा लावलाय.

तर झालं असं, की पुण्याच्या एका अभ्यास संस्थेतून पत्र आलं. तिथे परराष्ट्र धोरणावर मोठं काम चालायचं. त्यांना या कॉलेजातला एक विद्यार्थी हवा होता. राहण्याजेवणाची सोय, विद्यावेतन आणि जोडीने एम. ए. एकच जागा. संस्थेच्या पंकजा मॅडम स्वतः येणार, गुरुवारचं मंत्रिमंडळ बघणार आणि निवड करणार.

अश्विनीला ती जागा हवी होती. हवी म्हणजे अशी तशी नाही. तिच्या भावाने, करणने, सांगून ठेवलं होतं, "बी. ए. झालं की बास. पुढं आपल्या रोपवाटिकेचं काऊंटर सांभाळायचं." करण वाईट मुलगा नव्हता, पण बहिणीला पुण्यात ठेवायचा खर्च त्याला झेपणार नव्हता. अश्विनीसाठी पुढे शिकायची ही एकच वाट उघडी होती.

त्या गुरुवारी अश्विनी पंतप्रधान होणार होती आणि आडवी खुर्ची पाळीने मोनिकाकडे होती. सरांनी पेच आधीच दिला होता. समुद्रापलीकडे एक लहानसा शेजारी देश आहे, त्याला आपण बेटदेश म्हणू. तो कायम आपल्याकडून कांदा घेतो. आता आपल्याच देशात कांदा कमी पडलाय, भाव कडाडलेत. बेटदेशाला कांदा पाठवणं थांबवायचं का? तुम्हाला वाटेल, यात कसलं परराष्ट्र धोरण? पण शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराशी संबंध आला, की तो परराष्ट्राचाच मामला झाला, असं सर म्हणायचे.

आणि इथे पोरांनी घोळ घातला. त्यांनी काय करावं? बुधवारीच कॅन्टीनमध्ये बसून निर्णय घेऊन टाकला! कांदा पूर्ण बंद. कोण काय बोलणार, कुणाच्या मागून कोण बोलणार, सगळं वाटून घेतलं. कॅन्टीनमधून उठून रंगीत तालीम करायला ती माझ्याभोवती आली. अर्थमंत्री झालेल्या समर्थचं अक्षर चांगलं, म्हणून त्याने ठरावही लिहून ठेवला. शेवटी 'सर्वानुमते मंजूर' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. मी हबकलो. ही रीत माझ्या ओळखीची होती. पण पोरांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या गावी जत्रेचा तमाशा असाच ठरतो, सोसायटीचा चेअरमनही असाच ठरतो. बैठकीच्या आधी बैठक झाली नाही, तर ती मोठी माणसं कसली?

तालीम संपल्यावर अश्विनीने मोनिकाला मागे थांबवलं. "मोने, उद्या एवढं माझ्यासाठी कर. थोडंसं बोल, 'आनखी विचार व्हावा' म्हन आन् बसून घे. पाहुन्यांपुढं भांडनं नकोत."

"आगं, पर आडव्या खुर्चीवर बसून..."

"मोने, माझी जागा जाईल."

मोनिकाने तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरं. न्हाई बोलत." तिने शब्द दिला तेव्हा तिचा तळवा माझ्यावर होता. मला कानिफनाथ आबांचा हात आठवला.

गुरुवार उजाडला. पंकजा मॅडम आल्या. साध्या सुती साडीतल्या, पिकल्या केसांच्या बाई. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसल्या. मंत्रिमंडळ सुरू झालं आणि काय सांगू, मित्रांनो, कसं लोण्यातून सुरी फिरावी तसं चाललं होतं. "माननीय पंतप्रधान महोदया, संरक्षण खात्याची हरकत नाही." "अर्थ खात्याचा पाठिंबा आहे." मोनिका उठली, "आणखी विचार व्हावा," म्हणाली आणि बसली. प्रभुदास सरांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

अर्धा तास झाला असेल. मॅडम उठल्या आणि त्यांनी एक बंद पाकीट हर्षलच्या हातात दिलं. हर्षल बेटदेशातला आपला राजदूत होता. त्याने ते फोडून आतली तार भरभर वाचली. "बेटदेशात चक्रीवादळ. बंदरावरची धान्याची कोठारं वाहून गेली. आपली कांद्याची तीन जहाजं निम्म्या वाटेत आहेत. ती येऊ द्यायची की माघारी बोलवायची, हे आज संध्याकाळपर्यंत कळवावे. दुसरा एक मोठा देश मदत घेऊन तयार उभा आहे."

वाचलं आणि कागद माझ्यावर पालथा ठेवला.

समर्थ म्हणाला, "तारेची नोंद घेण्यात आली." मग घसा साफ करून तो पुढे बोलू लागला, आणि बोलला ते शब्द न् शब्द कालचेच! एकानेही त्या पालथ्या कागदाला हात लावला नाही. अश्विनीने विचारलं, "तर मग कांदा पूर्ण बंद. मंजूर?" हात वर गेले. ते माझ्यावर आपटणार, एवढ्यात आवाज आला.

"न्हाई."

मोनिका उभी होती. एक हात तिने माझ्यावर घट्ट रोवला होता. "मला बोलायचंय. मी न बोलायचा शब्द दिल्ता, पर मला ऱ्हावत न्हाई. हर्षलनं आत्ता काय वाचलं, ते कुनी ऐकलं का? तिथं वादळ झालंय. जहाजं निम्म्या वाटंत हायती. आन् आपन कालचंच बोलतोय!"

"मोनिका, खाली बस," समर्थ दातांतल्या दातांत म्हणाला.

"न्हाई बसत. माझी आई बाजारात कांदा घेऊन बसती. भाव चढला तरी रोजच्या गिऱ्हाइकाचा वाटा ती बाजूला काढून ठेवती. मी म्हनलं, आई, जास्त देनारं मानूस समोर हुबं हाय, त्याला दी की. ती म्हनली, भाव आठ दिवसांचा आसतो, गिऱ्हाईक जल्माचं. उद्या भाव पडल्यावर मला कोन ओळखनार? आपन बंदी घालू नये असं न्हाई माझं म्हननं. घाला. पर आदुगर सांगून घाला, तारीख देऊन घाला. निघालेलं जहाज माघारी वळवू नका. त्या लोकांच्या चुलीत पानी शिरलंय, आन् तवाच आपन दार लावलं, तर त्ये जल्मात इसरनार न्हाईत. दुसरा देश हुबाच हाय तिथं."

अश्विनीचे दोन्ही हात माझ्यावर होते. तिची जागा, पुणं, पुढचं सगळं शिक्षण डोळ्यांदेखत हातातून निसटत होतं. ती पंतप्रधान होती. 'बहुमताने मंजूर' एवढं म्हटलं असतं, तर बैठक तिथेच संपली असती. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, पोरी, हात आपटू नको. देवा, तिला हात आपटू देऊ नको.

अश्विनीने तो पालथा कागद उचलून हर्षलपुढे सरकवला. "परत वाच," ती म्हणाली. "हळू वाच."

आणि मग जी बैठक झाली, ती खरी बैठक! काय तो गोंधळ! समर्थ ओरडला, "जहाजं सोडली, तर हितला भाव कोन आवरनार? तुझी आई?" संरक्षणमंत्री म्हणाला, मदत द्यायला उभा असलेला देश आपल्या समुद्रात कायमचा ठाण मांडेल. हर्षल म्हणाला, बेटदेशात मी राहतो, मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. सगळे एकदम बोलत होते, माझ्यावर मुठी आदळत होत्या, एक पाण्याची बाटली लवंडली. आणि त्यातच तास संपला. घंटा झाली. निर्णय झालाच नाही.

पाणी पुसायला समर्थने कागद उचलले, तेव्हा त्यातला एक पंकजा मॅडमच्या हाती लागला. तोच ठराव. त्यांनी चष्मा लावून वाचला. "सर्वानुमते मंजूर," त्या म्हणाल्या. "आणि खाली तारीख कालची आहे. ही बैठक नक्की कधी झाली?"

प्रभुदास सरांचा चेहरा मला बघवेना.

अश्विनी उठली. "मॅडम, चूक समर्थची न्हाई. माझी हाय. आमी कालच कॅन्टीनला सगळं ठरवलं हुतं. मोनिकाला गप बसायला मीच सांगितलं हुतं."

"का?"

"मला ती जागा पाहिजे हुती." मग तिने डोळे पुसले आणि तिच्या आवाजात निराळीच धार आली. "मॅडम, बघायला गेलं तर आज हितं काय झालं, त्याचा अभ्यास करन्यासारखा हाय. तार आली, आमी वाचली, पर ऐकली न्हाई. कारन आमचा निर्णय आदुगरच झालेला. ठरलेलं मोडायचं म्हंजी कालच्या चहातल्या सगळ्यांशी वाईटपना घ्यायचा. बेटदेशाचा विचार कुनाच्याच डोक्यात नव्हता. मी पंतप्रधान, पर मला भीती माझ्या जागेची. समर्थला भीती त्याचं लिहिलेलं वाया जाईल. उद्या कुनी ह्या ठरावाचा कागद बघून लिहील, की देशानं नफातोटा तोलून निर्णय घेतला. तसं काय बी झालं नव्हतं. निसता टेबल बघून भागत न्हाई, मॅडम. आदल्या दिवशी चहा कुठं पिले, कोन हुतं आन् कुनाला गप बसवलं, ते शोधायला लागतं."

मॅडमनी बराच वेळ वहीत काहीतरी लिहिलं. "बरं," एवढंच म्हणाल्या, सरांचा निरोप घेतला आणि निघून गेल्या. अश्विनीने दप्तर उचललं. मोनिका दारात थांबली होती. अश्विनी तिच्या अंगावरून गेली, पण बोलली नाही.

पुढे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. त्या दिवशी जीपमध्ये अश्विनी पुढे बसली आणि मोनिका मागे. दुसऱ्या दिवशीही तसंच. एका डब्यात जेवणाऱ्या मुली दोन डबे आणू लागल्या. तब्बल पंधरा दिवस! गुरुवारी मंत्रिमंडळ बसायचं, पण माझ्या या टोकाला एक आणि त्या टोकाला दुसरी. मच्छिंद्राने मला कोपरे ठेवले नव्हते, तरी त्या दोघींना बरोबर कोपरे सापडले. मला फार वाईट वाटायचं.

सोळाव्या दिवशी पत्र आलं. सरांनी ते माझ्यावर ठेवून मोठ्याने वाचलं. निवड अश्विनीची झाली होती. मॅडमनी लिहिलं होतं, 'स्वतःचा फसलेला निर्णय ताजा असतानाच इतक्या प्रामाणिकपणे उलगडून दाखवणारा विद्यार्थी मला फार वर्षांनी भेटला. आणि तिला तशी वेळ आणून देणाऱ्या मुलीलाही माझा नमस्कार सांगा.' वर्गाने टाळ्या वाजवल्या, समर्थने शिट्टी मारली. अश्विनी मात्र इकडेतिकडे बघत होती. बाजारचा दिवस होता. मोनिका आईबरोबर काष्टीत कांदा विकत होती. अश्विनीने पत्र उचललं आणि ती पळतच सुटली.

तासाभराने दोघी खोलीत आल्या. मोनिकाच्या हाताला कांद्याची फोलपटं तशीच चिकटलेली होती. माझ्याजवळ दोघी बसल्या.

"पंधरा दिस बोलली न्हाईस," मोनिका म्हणाली. "मला वाटलं, मी तुझं वाटोळं केलं म्हनून राग धरला."

"राग पहिल्या दिवशी हुता. दुसऱ्या दिवसापासून निसती लाज वाटत हुती."

"मग सांगायचं न्हाई व्हय, येडे! मी रोज जीपमध्ये तुझ्या पाठीकडं बघून रडत हुते."

आणि दोघी रडल्या. रडता रडता हसल्या. मग मोनिकाने पिशवीतून आईची भाकरी काढली. माझ्यावर ठेचा सांडला, तेल सांडलं. सांडू दे, म्हटलं. इतका मान मला बनातीखालीही कधी मिळाला नव्हता.

अश्विनी आता पुण्यात आहे. सुट्टीत येते, तेव्हा आधी खोली नऊमध्ये डोकावते. मोनिका इथेच पुढे शिकते. करणने रोपवाटिकेच्या काऊंटरवर दुसरा माणूस ठेवला आणि तो गावभर सांगत असतो, "आमची अश्विनी परदेशाचं बघती."

मित्रांनो, मी कृतज्ञ आहे. ज्याने मला घासून आरसा केलं त्याचा, धुळीतून उचलणाऱ्या सरांचा, दगड सारणाऱ्या हर्षलचा. आणि सगळ्यात जास्त त्या पोरीचा, जिने नकार देताना हात माझ्यावर घट्ट रोवला होता. तिच्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं, की आपण नुसतं हात आपटायचं लाकूड नाही, खरोखर टेबल आहोत.

माझी एक विनंती आहे. माझ्यासारख्या जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तेलपाणी केलंत तर उत्तमच, नाही केलंत तरी माझं भागेल. पण तुमच्या घरात, वर्गात, गावकीत कुणी तरी एक जण असेल, जो सगळे हो म्हणत असताना नाही म्हणतो. त्याचं म्हणणं बरोबरच असेल असं नाही. त्याच्याशी वाद घाला, भांडा. फक्त त्या दिवशी घरी जाताना जीपमध्ये त्याच्या शेजारी बसा.